डबल बेल

परभणीकडं ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला माणूस नुसता बसलाय, असं कधी होत नाही. काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर चौथा म्हणून कोंबलेला प्रवासी, ज्याचा एक पाय गिअरच्या पलीकडं असतो, तोसुद्धा ‘निघते, निघते, जाऊ द्या’ म्हणत उसाची ट्रॉली आणि टँकर यांच्या मधून गाडी काढून देतो. जीप मागं घ्यायची असली तर फाट्यावरची सगळी मंडळी चहाचे कप खाली ठेवून मदतीला धावतात. ‘येऊ द्या, येऊ द्या’ असा गजर चालतो आणि खांबाचा आवाज आला की सगळे एका सुरात ‘बास’ म्हणतात. अशा मुलखात को-ड्रायव्हर नावाचं वेगळं पद असतं, त्याला हेल्मेट मिळतं, गाडीच्या काचेवर ड्रायव्हरच्या नावाशेजारी त्याचंही नाव लिहितात आणि बक्षीस मिळालं तर ते दोघांना मिळतं, हे ऐकून लोकांना आनंदापेक्षा हळहळच जास्त वाटते. इतकी वर्षं हे काम सगळे फुकट करत आलेत.

रॅली म्हणजे शर्यत, पण शेजारी शेजारी पळायची नव्हे. गाड्या ठरावीक अंतरानं एकेक करून सुटतात. प्रतिस्पर्धी दिसतच नाही, भांडण घड्याळाशी. गाडीत माणसं दोन: एक हाकणारा, एक सांगणारा. मोठ्या रॅलीत आधी दोघं मिळून तो रस्ता हळू गाडीनं पाहून येतात, याला रेकी म्हणतात. पहिल्या खेपेला ड्रायव्हर बोलत जातो आणि को-ड्रायव्हर ‘पेस नोट्स’ लिहून घेतो: उजवं चार, पुढं शंभर, चढाचा माथा, डावं तीन, आवळत जातंय, कापू नको. वळणांना एक ते सहा असे गुण देतात. बहुतेकांच्या वहीत एक म्हणजे पार मुडपलेलं आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ. काहींच्या वहीत बरोबर उलटं. दुसऱ्या खेपेला ते तपासायचं आणि स्पर्धेच्या दिवशी को-ड्रायव्हरनं तेच वाचून दाखवायचं. म्हणजे ड्रायव्हरचंच बोलणं ड्रायव्हरला परत द्यायचं, फक्त वेळेवर; वळण दिसायच्या आधी, पण तो विसरून जाईल इतकंही आधी नाही. त्यामुळं ड्रायव्हर अनोळखी निघाला की पंचाईत होते. परत द्यायला त्याचं काही आपल्याजवळ नसतंच.

या धंद्यात जमलेल्या जोडीचा दाखला म्हणून १९५५ सालच्या ‘मिले मिलिया’ शर्यतीचं नाव सगळे घेतात. इटलीत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशियाला यायचं, साधारण सोळाशे किलोमीटर, तेही रोजच्या वापराच्या रस्त्यांवरून. ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस, शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. या पत्रकारानं आधी सगळा रस्ता फिरून टिपणं काढली, ती पाच मीटरच्या वर लांबीच्या कागदाच्या पट्टीवर उतरवली आणि पट्टी ॲल्युमिनियमच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. एक रूळ फिरवला की पुढचा रस्ता बाहेर. गाडी उघडी आणि इंजिनाचा आवाज इतका, की ओरडूनही काही ऐकू जायचं नाही. म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या. वाटेत जेंकिन्सनला उलटी झाली, गाडीबाहेर तोंड काढलं तेव्हा वाऱ्यानं चष्मा उडाला, तर खिशात दुसरा चष्मा तयार होता. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त कौतुक त्या दुसऱ्या चष्म्याचं वाटतं. दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत ते परत आले. ताशी सरासरी दीडशेच्या वर. १९५७ नंतर ती शर्यत त्या रूपात बंदच झाली, त्यामुळं तो विक्रम मोडायला कुणाला सवड मिळाली नाही.

आता ती गाडी मर्सिडीज, म्हणजे जर्मन. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं लहान पोरंसुद्धा म्हणतात. असं का म्हणतात, ते विचारलं तर प्रत्येकजण वेगळं कारण सांगतो आणि सगळेजण ठाम असतात. पण गाडीच्या बाबतीत तरी निम्मी म्हण खरी आहे. मोटारीनं लांबचा पहिला प्रवास १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाईनं केला, मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, शंभरावर किलोमीटर. बरोबर पंधरा आणि तेरा वर्षांची दोन पोरं. वाट विचारायला तीच, चढावर ढकलायला तीच. जगातले पहिले को-ड्रायव्हर म्हणून कुणी त्यांचा फोटो लावत नाही, पण लावायला हवा. पुढं वॉल्टर रोर्ल हा जर्मन १९८० आणि १९८२ असा दोनदा रॅलीचा जगज्जेता झाला. माँटे कार्लोची अवघड रॅली त्यानं चार वेळा जिंकली, चारही वेळा गाडी वेगळ्या कंपनीची. फियाट, ओपेल, लॅन्सिया, ऑडी. गाड्या बदलल्या, शेजारचा माणूस मात्र तोच राहिला: ख्रिस्तियान गाइस्टड्योर्फर. हे नाव उच्चारण्यापेक्षा माँटे कार्लो जिंकणं सोपं असावं. पण मुद्दा असा, की शहाणा ड्रायव्हर आधी गाडी बदलतो.

उलट टोकाला आपल्या देशातली एक चित्रफीत आहे. ती पाहिली नाही असा गाडीवेडा माणूस मला भेटलेला नाही. राष्ट्रीय रॅलीतली गाडी, ड्रायव्हर समीर थापर, को-ड्रायव्हर विवेक पोन्नुसामी. पोन्नुसामी वहीतलं वाचतोय, समीर आपल्या मनानं चालवतोय आणि गाडी दगडांवरून आदळत चाललीय. ‘समीर, माझं ऐक, समीर, तू गाडी मोडतोयस’ हे त्यातलं इंग्रजी वाक्य आता जगभर पसरलंय. फिनलंडची पोरंसुद्धा ते म्हणतात, असं ऐकतो. लोक हसतात समीरला. मला मात्र पोन्नुसामीच्या आवाजातला तो ताण ओळखीचा वाटतो. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीत पुढं बसलेल्या मामाचा आवाज असाच लागतो.

ही सगळी विद्या पाठ असताना मी प्रत्यक्ष को-ड्रायव्हर झालो तो एका घरगुती रॅलीत. परभणीत गाडीवेड्यांचा एक कट्टा जमतो. त्यात डॉक्टर आहेत, बी-बियाणांचे दुकानदार आहेत, कृषी विद्यापीठातले दोन-तीन प्राध्यापक आहेत आणि काही जणांचा व्यवसाय अजून कळलेला नाही. त्यांच्यातला एकजण पुण्यात टीएसडी रॅली खेळून आला होता. टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. त्यात जोरात पळायचं नसतंच. संयोजक एक रोडबुक देतात, त्यात पल्ल्याची सरासरी गती ठरवलेली असते आणि त्या गतीनं बरोबर जिथं जेव्हा असायला पाहिजे, तिथं तेव्हा असायचं. वाटेत कुठंतरी, बाभळीमागं वगैरे, एकजण घड्याळ घेऊन बसलेला असतो; ती चौकी. रस्ता नेहमीचा, नियम नेहमीचे, म्हशी नेहमीच्या. परभणीहून निघून झरी, बोरी, जिंतूर करत येलदरीच्या धरणावर पोचायचं, असं ठरलं. गती ताशी ३६ किलोमीटर, कारण हिशेब सोपा: दहा सेकंदांत शंभर मीटर. गणितात कच्चा माणूससुद्धा यात फार चुकू शकत नाही, असं प्राध्यापकांचं म्हणणं पडलं.

घरी सांगितलं, रॅलीला चाललोय. आईनं एवढंच विचारलं, ‘जेवण अन् डिझेल पार्टी देणार का?’

नवरा-बायको एका गाडीत नकोत हा पहिला ठराव एकमतानं मंजूर झाला, दोन्ही बाजूंनी. म्हणून जोड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत एक तरुण वकील आले. त्यांची माझी ओळख हात वर करण्यापुरती. पण रविवारी सकाळी ठरल्या मिनिटाला पांढरी गाडी येऊन थांबली, तेव्हा स्टिअरिंगवर वकील नव्हते, वकिलांचे वडील होते. ‘पोराला ताप आलाय. गाडी पाठवतो म्हणला, मी म्हणलं गाडी कशी पाठवशील, गाडीला काय पाय हैत? मीच येतो.’ एवढं बोलून ते खाली उतरले. पांढरा सदरा, गळ्यात मफलर आणि पँट मात्र खाकी. रस्त्याकडचा एक दगड उचलून त्यांनी चारही टायर वाजवून पाहिले, डॉक्टर पाठीला कान लावतात त्या गांभीर्यानं. दगड होता तिथंच परत ठेवला. मग मला म्हणाले, ‘बसा मास्तर.’

मी शिक्षक नाही, हे सांगायला लागलो तर त्यांनी ऐकून घेतलं नाही. दहा मिनिटांनी उलगडा झाला. काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते आणि एसटीत मास्तर म्हणजे कंडक्टर. त्यांच्या डाव्या बाजूला जो कुणी वही घेऊन बसेल, तो त्यांच्या दृष्टीनं कंडक्टरच. माझ्या हातात वही, स्टॉपवॉच, दोन पेनं आणि फळीला लावलेले कागद पाहून त्यांची खात्रीच पटली होती. उलट माझ्या गळ्यात पैशाची बॅग नाही, याचंच त्यांना थोडं नवल वाटत होतं.

अनोळखी माणसाबरोबर जोडी जमवायची म्हणून मी आदल्या रात्री तयारी केली होती. कोणते शब्द वापरायचे, किती आधी सांगायचं, ‘पुढं’ म्हणजे किती पुढं, सगळं विचारून घ्यायचं ठरवलं होतं. पण अनोळखी जोडीदार ही अडचण माझी होती, काकांची नव्हतीच. डेपोत रोज ड्युटी लागते आणि कोणत्या ड्रायव्हरला कोणता कंडक्टर, हे फळ्यावर पाहून कळतं. आज ज्याच्याबरोबर मुक्कामी गाडीत एका घोंगडीवर झोपलं, तो पुन्हा महिनाभर दिसत नाही. गाइस्टड्योर्फरबरोबर जन्म काढणारा रोर्ल एसटीत टिकलाच नसता. मराठवाड्यात सरकारी बस तशी जुनी. पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी १ जून १९४८ ला सुटली, असं शाळेत शिकवतात; पण निजामाच्या राज्यात १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली होती. म्हणजे अनोळखी माणसाच्या शेजारी बसून वेळेवर पोचायचं, याचा सराव या भागाला माँटे कार्लोइतका नसला तरी बराच आहे.

खरा घोळ निघाल्यावर झाला. मी मोठ्यानं वाचायला लागलो, ‘शून्य पॉइंट आठला डावीकडं, तिथून सरळ, दीड किलोमीटरला पेट्रोल पंप उजव्या हाताला...’ काका काही बोलेनात. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. आवाज चढवला. तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता एक बोट वर केलं आणि समोरच्या काचेच्या वरची जागा दाखवली. तिथं गणपतीचं स्टिकर होतं. ‘इथं काय लिव्हलेलं असतं, म्हाईत हाय ना?’

माहीत होतं. मराठी माणसाला वाचता यायला लागल्यावर तो पहिल्यांदा ज्या चार-दोन पाट्या वाचतो, त्यातली ती एक. चालकाशी बोलू नये. या गृहस्थानं सगळी नोकरी त्या पाटीखाली काढली होती. गाडीत मागं भांडणं झाली, बाळंतपणं अडली, कोंबड्या सुटल्या. त्यांनी मान वळवली नव्हती. आणि को-ड्रायव्हरचं काम तर चालकाशी बोलणं हेच. जेंकिन्सनपुढं इंजिनाचा आवाज होता, पोन्नुसामीपुढं समीर होता. माझ्यापुढं राज्य परिवहनाची शिस्त होती. शिवाय काकांनी पुढच्या काळात विनावाहक गाड्याही चालवल्या होत्या. शेजारी कुणी नसलं तरी आपलं अडत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

मग प्रवासी बोलतात ते कानावर येत नाही, तर येतं तरी काय? याचं उत्तर टाकळी कुंभकर्णच्या अलीकडं सापडलं. (हे गाव खरंच आमच्या तालुक्यात आहे. सकाळी सातला त्याचं नाव वाचलं की पुन्हा अंथरुणाकडं ओढ लागते.) हिशेबानं आम्ही बारा सेकंद पुढं होतो आणि सांगून उपयोग नव्हता. वैतागून मी हातातलं पेन स्टीलच्या पाण्याच्या बाटलीवर आपटलं. टिंग. तत्क्षणी काकांचा पाय ब्रेकवर गेला, गाडी सावकाश डावीकडं आली आणि ते म्हणाले, ‘कोण उतरायलंय?’

तिथून पुढं सगळं सुरळीत झालं. एक बेल म्हणजे थांबा, आपल्यापुरतं हळू. डबल म्हणजे जाऊ द्या. वळणासाठी तीन टोले ठरवू म्हणालो, तर काका म्हणाले, ‘तीन नको. तीन वाजल्या म्हंजी पोरगं दोरीला लोंबकळायलंय.’ शेवटी वळणासाठी एक बेल आणि मग हात. डावीकडं, उजवीकडं या शब्दांना त्यांच्याकडं किंमत नव्हती. ‘कंडक्टर साइड’ म्हटलं की गाडी डावीकडं वळायची आणि ‘तुमची साइड’ म्हटलं की उजवीकडं. एका कागदावर मी आमची संहिता लिहून काढली. मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ती अजून मागवलेली नाही.

खरं सांगायचं तर जिंतूरपर्यंत या रस्त्याला वळणं फार नाहीतच. परभणी जिल्हा म्हणजे काळ्या मातीचा सपाट मुलूख. वळणांना एक ते सहा गुण द्यायला बसलं तर वही कोरीच राहायची. पण इथला रस्ता डावीउजवीकडं वळण्याऐवजी खालीवर वळतो. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. कापसाला हे मानवतं, डांबराला मानवत नाही. वरचा थर मातीबरोबर श्वास घेतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत सरळ रस्त्यावर लाटा उमटतात. रॅलीवाले लोक डांबर, खडी आणि बर्फ असे तीन प्रकार सांगतात. आमचा त्यांनी पाहिलेला नाही. त्यात दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, त्याच्या कडेनं दगडांची रांग आणि राखणीला एक म्हातारी. इंग्रजी पेस नोट्समध्ये ‘कापू नको’ म्हणजे वळणाच्या आतल्या कोपऱ्यातून गाडी नेऊ नको, आत दगड आहे. इथं आत सोयाबीन असतं आणि म्हातारी दगडापेक्षा कडक असते.

यातलं एकही मला सांगावं लागलं नाही. रोडबुक माझ्या मांडीवर होतं आणि रस्ता काकांच्या अंगात. पुढं गतिरोधक दिसायच्या आधीच त्यांचा डावा हात गिअरवर जाऊन बसायचा. बोटं मुठीवर नुसती टेकलेली, अंगठा बाहेर. पन्नास पावलांवर तो उंचवटा यायचा, रंग उडालेला, पाटी नसलेला. मी वाकून पाहायचो तेव्हा गाडी त्यावरून पलीकडं उतरलेली असायची. एवढ्या वर्षांच्या फेऱ्या म्हणजे रेकीच ती; फरक इतकाच, की त्यांनी ती कुणाला लिहून दिली नव्हती. मला सगळ्यात अवघड गेलं ते हेच. ड्रायव्हरला काही माहीत नसलं तर को-ड्रायव्हर लागतो; त्याला सगळं माहीत असलं तर शेजारच्यानं गप्प बसणं हे कौशल्याचं काम, आणि आमच्याकडं त्याचा सराव कुणालाच नाही.

झरीला गाडीची लय बिघडली. रोडबुकात तिथं काहीच नव्हतं, पण फाट्यावर पिशव्या घेऊन पाच-सहा माणसं उभी होती आणि त्यातल्या एकानं हात दाखवला. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही योजना ज्या पायांनी राबवली, ते पाय आपोआप खाली गेले. गाडी थांबली. एक आजोबा मागचं दार उघडून बसलेसुद्धा. ‘बोरीला जायचंय,’ म्हणाले. ही रॅली आहे, इथं प्रत्येक सेकंदाचा दंड आहे, असं मी सांगायला लागलो तेव्हा त्यांनी ‘जाऊ द्या की मग लवकर’ असं म्हणून मलाच घाई केली. काका आरशात पाहत होते. आरशात पाहताना ते कुणाची वाट पाहतायत, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी बाटलीवर दोन टोले दिले. गाडी निघाली.

बोरीपर्यंत आजोबांनी मागून मार्गदर्शन केलं. म्हणजे एका ड्रायव्हरला दोन को-ड्रायव्हर झाले, आणि ड्रायव्हर दोघांचंही ऐकत नव्हता. ऐकत होता फक्त बाटलीचं.

खरा चमत्कार पुढच्या चौकीवर झाला. टीएसडीत नवीन माणूस मार खातो तो एका गोष्टीवर: लवकर पोचण्याला दंड जास्त असतो. जागतिक रॅलीत तर हा नियम फारच कडक. ठरल्या वेळेपेक्षा मिनिटभर उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड. मिनिटभर लवकर पोचलात तर पूर्ण मिनिटाचा, म्हणजे सहापट. उशिरा येणाऱ्याला इतकं समजून घेणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. मराठवाड्यानं आजवर यात पदकं का आणली नाहीत, हे कोडंच आहे. आमच्या घरगुती रॅलीत लवकरचा दंड दुप्पट होता, तरी पट्टीचे ड्रायव्हर म्हणवणारे डॉक्टर त्यातच बुडाले. पुढं जायला मिळतंय आणि जायचं नाही, हे त्यांच्या हाडांत बसेना. ही गोष्ट मी काकांना समजावून सांगायला सकाळपासून धजत नव्हतो. चौकी जवळ आली, आजोबांमुळं गेलेली वेळ भरून काढून आम्ही उलट वीसेक सेकंद पुढं निघालो होतो. मी एक बेल दिली आणि घड्याळ पुढं केलं.

काकांनी एकदा पाहिलं. गाडी तिसऱ्या गिअरवर आणली आणि त्या दिवसातलं सगळ्यात लांब भाषण केलं. ‘टायमाच्या आधी गाडी काढायची नाई, मास्तर. उशीर झाला तर पंक्चर सांगता येतं, फाटक सांगता येतं, मोर्चा सांगता येतो. आधी गेलं तर स्टँडवर एखादी म्हातारी ऱ्हाती. त्याला कारण काय सांगणार?’ जागतिक महासंघाच्या नियमावलीत हा दंड दिलेला आहे, कारण दिलेलं नाही. ते काकांकडून कळलं. बाभळीमागच्या घड्याळवाल्यासमोरून आम्ही गेलो तेव्हा चूक एका सेकंदाची होती, आणि तीसुद्धा त्याच्या घड्याळाची असावी असं काकांचं मत पडलं.

जिंतूरच्या पुढं टेकड्या लागतात, रस्ता वळायला लागतो आणि पहिल्यांदाच पेस नोट्स वाचल्यासारखं वाटलं. ‘कंडक्टर साइड, मग लगेच तुमची, चढ.’ बाटली, हात, बाटली. पूर्णेवरचं येलदरीचं पाणी दिसलं तिथं रोडबुक संपत होतं. पण काकांचा पाय काही सैल पडेना. सेनगावची फेरी त्यांनी वर्षानुवर्षं केलेली, गाडी तशीच पुढं जायला पाहत होती. ‘काका, इथंच. पुढं हिंगोली जिल्हा लागतो.’ त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा मान वळवून पाहिलं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा काढला, ही गोष्ट त्यांना कळवण्यात आली होती. मान्य झालेली नव्हती. ‘आपलाच जिल्हा हाय तो,’ म्हणाले. टिंग वाजवल्यावर थांबले.

धरणाजवळ झाडाखाली पिठलं-भाकरी आणि ठेचा होता. निकाल लागेपर्यंत जोड्या आपापल्या गाड्यांपासून लांब बसल्या होत्या. चिठ्ठीनं एकत्र आलेले दोन डॉक्टर तर एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. एकानं डावीकडं म्हटलं होतं, दुसऱ्यानं स्वतःच्या मतानं सरळ नेऊन गाडी थेट एका लग्नाच्या मांडवात घातली होती, आणि तिथं दोघांना जेवायला बसवल्यामुळं त्यांचा दंड मोजण्यापलीकडं गेला होता. आम्ही दुसरे आलो. झरीचे आजोबा नसते तर पहिले आलो असतो. पण बोरीला उतरताना त्यांनी भाडं द्यायला पाकीट काढलं होतं आणि काकांनी माझ्याकडं असं पाहिलं होतं, की तिकीट फाडलं नाही म्हणून मलाच ओशाळल्यासारखं झालं. बक्षिसाची दोन पाकिटं मिळाली. काकांनी आपलं न उघडता खिशात घातलं आणि माझ्या हातातल्या वेळेच्या कागदाकडं बोट केलं. ‘वेबिल भरून जमा करा आधी. मग जेवा.’

पुढच्या रॅलीसाठी सगळे त्यांच्या मागं लागले. त्यांनी येतो म्हणून सांगितलं, एका अटीवर: मास्तर बदलून द्या. मला जरा लागलं. गाडीशी जाताना विचारलंच, ‘काका, माझं काही चुकलं का?’ तर म्हणाले, ‘चुकलं काय बी नाई. बेल चांगली देताव. पण एका मास्तरबरोबर लई ड्युट्या केल्या की बोलणं सुरू होतं.’

चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या आहेत. मला या वेळी दातांचे डॉक्टर आलेत. माणूस मोठा गोड आहे, गाडीही झकास. फक्त त्यांना सवय अशी, की शेजारच्यानं तोंड मोठं उघडायचं, पण बोलायचं काही नाही.